सुचत नाही, की बघितलेलं साठलेलं नाही?

नाशिकच्या एका ताईंचा प्रश्न आहे. वय ४६, बँकेत नोकरी. शाळेत चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत ए ग्रेड मिळाली होती, त्यानंतर तीस वर्षं ब्रश हातात धरला नाही. टाळेबंदीत पुन्हा सुरुवात केली. मोबाइलवरचा फोटो समोर ठेवून हुबेहूब काढता येतं, घरचे आणि ऑफिसमधले कौतुक करतात. पण कोरा कागद समोर आला की हात थांबतो, काही म्हणजे काही सुचत नाही. त्या विचारतात, "माझ्यात सर्जनशीलता मुळातच नाही का? या वयात ती शिकता येते का?" आणि शेवटी एक ओळ, संकोचून लिहिल्यासारखी: "तुम्ही शिक्षक मंडळी वर्षानुवर्षं तेच तेच शिकवता, तुमचं स्वतःचं शिकणं थांबत नाही का?"

ताई, मी मिरजेत ३२ वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. आता निवृत्त आहे आणि रविवारी सकाळी मोठ्या माणसांचा वर्ग घेते. तुमच्यासारखा प्रश्न घेऊन येणारं कुणी ना कुणी दरवर्षी भेटतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी प्रश्न नीट मांडू. तुम्ही म्हणता सुचत नाही. मला अडचण दुसरीकडे दिसते. फोटोवरून चित्र काढताना निम्मं काम कॅमेऱ्याने आधीच उरकलेलं असतं. काय घ्यायचं, काय वगळायचं, कुठे उभं राहून बघायचं, उजेड कुठल्या बाजूने, कडा कुठे कापायची, आणि मुख्य म्हणजे खोली असलेल्या जगाला सपाट कसं करायचं, हे सगळे निर्णय दुसऱ्या कुणीतरी घेतलेले असतात. तुमच्याकडे उरतं ते हाताचं काम, आणि ते तुम्हाला उत्तम येतं. कोरा कागद समोर आला की तेच निर्णय एकदम तुमच्या अंगावर येतात. ज्या कामाचा सरावच नाही ते एका बैठकीत जमणार कसं? देणगी नसल्याचा हा पुरावा नाही. स्वयंपाकघरात तीस वर्षं फक्त फोडणी दिलेल्या बाईला एकदम पन्नास पानांचा बेत ठरवायला सांगितलं तर ती गांगरेलच.

आता काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगते. दिवसभर आकडे बघून संध्याकाळी शांत वाटावं एवढ्यासाठी तुम्ही चित्र काढत असाल आणि फोटोवरून काढताना ती शांतता मिळत असेल, तर काहीही बदलू नका. त्यात कमीपणा नाही. ऑर्डरीची पोर्ट्रेट्स करून चार पैसे मिळवायचे असतील तर माझा सल्ला वेगळा असेल, त्यात फोटोवरून काम करण्याचं कसब लागतंच. मी पुढे लिहिते आहे ते "मला माझं काहीतरी काढायचंय" असं वाटणाऱ्यांसाठी. त्यातही वेळ किती मिळतो यावर वेग ठरेल. रोज २० मिनिटं मिळाली तर माझ्या अनुभवात चार-सहा महिन्यांत फरक दिसतो. फक्त रविवारी दोन तास मिळाले तर वर्ष धरा. आणि चाळिशीचा चष्मा असेल तर नंबर तपासून घ्या. लांबची वस्तू आणि जवळचा कागद असं आलटून पालटून बघताना चष्म्यामुळे मान वरखाली होते आणि प्रमाण चुकतं. माझ्या वर्गात निम्म्या लोकांचं "मला प्रमाण जमत नाही" हे दुखणं बोर्ड टेबलावर आडवा न ठेवता मांडीवर तिरका उभा धरल्यावरच कमी झालं.

नक्कल करण्याबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण तुमच्या पत्रात तिची लाज जाणवते. १८७२ पासून पुढे बरीच वर्षं मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी त्यांचे शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांच्याबरोबर अजिंठ्याला जाऊन लेण्यांतल्या भित्तिचित्रांच्या प्रती करत होते. कष्टाने केलेल्या त्या प्रतींपैकी बऱ्याच पुढे लंडनला लागलेल्या आगीत नष्ट झाल्या. पण ज्यांनी त्या केल्या त्यांच्या हातात आणि डोळ्यांत काय उरलं ते बघा. त्यांच्यातले पेस्तनजी बोमनजी पुढे स्वतःच्या पारशी समाजातली माणसं, त्यांची घरं, त्यांचे साधे दिवस रंगवू लागले, आणि आज आपण त्यांना ओळखतो ते त्या चित्रांमुळे. म्हणजे नकलेतून माणूस स्वतःच्या विषयाकडे जाऊ शकतो. फरक इतकाच की ती मुलं प्रत्यक्ष भिंतीसमोर बसली होती. अर्धवट अंधारात, पोपडे गेलेल्या रंगातून मूळ रेषा कुठून कशी वळली असेल हे त्यांना शोधावं लागत होतं. शोधत केलेली नक्कल माणसाला शिकवते. पडद्यावर दोन बोटांनी मोठं करून केलेल्या नकलेत शोधायला फारसं उरत नाही.

बघणं म्हणजे काय, हे मला एका सहावीतल्या मुलाने शिकवलं. पक्षी काढायला सांगितले होते. त्याने कावळा काढला आणि त्याची मान राखाडी रंगवली. वर्ग हसला. मी हसले नाही, पण "कावळा काळा असतो रे" म्हणत त्याच्या कागदावर माझाच काळा ब्रश फिरवला. मधल्या सुट्टीत तो मला हाताला धरून मैदानावर घेऊन गेला. नळाजवळ कावळा बसला होता. मान आणि छाती राखाडी, स्वच्छ दिसत होती, डोकं आणि पंख काळे. आपल्या घराभोवतीचा कावळा असाच असतो. मी तेव्हा चाळिशीच्या जवळ होते, जन्मभर रोज कावळे बघितले होते आणि तरी ते बघितलेले नव्हते. माझ्या डोक्यात "कावळा काळा" हा शब्द होता आणि मी शब्दच रंगवत होते. त्या मुलाचं चित्र मी खराब केलं, त्याची टोचणी अजून जात नाही.

तुमच्या कोऱ्या कागदाची अडचण नेमकी हीच आहे. डोळ्यांनी साठवलेलं नसलं की हात शब्द काढतो. आपल्याकडचं कुठल्याही शाळेतलं निसर्गचित्र आठवा: दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, त्यातून खाली येणारी नदी, कौलारू घर, नारळाचं झाड आणि आकाशात चारच्या आकड्यासारखे पक्षी. आमच्याकडे मिरजेच्या आसपास सपाट उसाची शेतं आणि कृष्णेचा काठ. तरी मुलं तेच डोंगर काढतात. ग्रेड परीक्षेतल्या स्मरणचित्राचं तर आपण फारच वाईट केलं. नाव स्मरणचित्र, आणि शिकवणीत मुलांना घटवून देतात ती तयार माणसं: एक पाठमोरा, एक छत्रीवाला, एक डोक्यावर टोपली घेतलेली बाई. विषय बाजार असो की बसस्टॉप, तीच तीन माणसं येऊन उभी राहतात. तुमच्या ए ग्रेडमागे असा थोडा घोटीव साठा असेल तर नवल नाही. तो तीस वर्षांत पुसला गेला, आणि त्याखाली स्वतः साठवलेलं काही नव्हतं, म्हणून आता रिकामं वाटतं.

मग करायचं काय?

घरातली एक वस्तू निवडा आणि ४० दिवस तीच काढा. एकच. चकचकीत स्टील नको, चकाकीने सुरुवातीला गोंधळ होतो. मातीचं, दगडाचं, लाकडाचं काहीही चालेल. रोज २० मिनिटं, चार-बी पेन्सिल, साधी वही. खोडरबर जवळ ठेवू नका. चुकीची रेष तशीच राहू दे, तिच्या शेजारी दुसरी मारा. कुठे चुकलं हे दिसत राहिलं तरच हात शिकतो.

माझ्या वर्गातल्या ६८ वर्षांच्या एका आजींची गोष्ट जरा लांबण लावून सांगते, कारण यात सगळं आलं. त्यांनी सासूबाईंचा लोखंडी खलबत्ता निवडला. पहिल्या दिवशी त्यांनी खलाचं तोंड उघडं लंबगोल काढलं आणि बूड सरळ रेषेने बंद केलं. सगळेच असं काढतात. कारण मनाला माहीत असतं की बूड सपाट आहे, ते ओट्यावर नीट बसलंय. डोळ्यांना मात्र बुडाची कडाही वळलेली दिसते, आणि भांडं आपल्या नजरेच्या खाली असेल तर बुडाची कड तोंडाच्या कडेपेक्षा जास्त गोलसर वळते, कारण ती नजरेपासून आणखी खाली आहे. हे मी त्यांना सांगितलं नाही. फक्त रोज विचारायचे, "आज बुडाकडे बघितलंत का?" नवव्या दिवशी त्या म्हणाल्या, "बाई, हे खाली जास्त वाकलंय की हो!" हे वाक्य माझ्याकडून ऐकलं असतं तर तो नियम झाला असता. स्वतः पाहिल्यावर तो त्यांचा झाला.

मग कंटाळा आला. तो साधारण दहाव्या ते पंधराव्या दिवसात येतोच, आणि बहुतेक लोक तिथे वस्तू बदलतात. मी हात जोडून सांगते, तिथे बदलू नका. कंटाळा आला याचा अर्थ खलबत्त्याचा जो ठरलेला अर्थ तुमच्या मनात होता तो संपला. आता बघण्यासारखं फक्त खरंखुरं उरलंय. आजी कुरकुरत बसल्या. एक दिवस त्यांनी खल काढलाच नाही, नुसती त्याची भिंतीवरची सावली काढली. दुसऱ्या दिवशी वस्तूभोवतीची मोकळी जागाच काळी केली, खल कोरा ठेवला. मग बत्त्याचं घासून गुळगुळीत झालेलं टोक, अख्ख्या पानभर. आणि २६ व्या दिवशी वरून वाकून खलाच्या आतला अंधार काढला. सगळं पान गडद, एका कडेला कोयत्यासारखी वळलेली उजेडाची पट्टी. मी विचारलं, हे काय? म्हणाल्या, "सासूबाई यात वेलची कुटायच्या, आत वाकून बघायच्या सालं उरलीत का. मी तेव्हा नवी नवरी, मला ते आत काय आहे कधी दिसलंच नाही." बोलताना त्यांचे डोळे भरून आले, माझेही.

त्यांना काय सुचलं, ताई? आकाशातून काही पडलं नाही. एकाच गोष्टीकडे इतका वेळ बघितल्यावर तिच्यात स्वतःचं आयुष्य दिसायला लागलं. मी सर्जनशीलता म्हणते ती ही. कोल्हापूरचे चित्रकार अबालाल रहिमान यांची चित्रं मी ए.टी.डी., म्हणजे कलाशिक्षकाची पदविका करताना पहिल्यांदा पाहिली. जे. जे. त शिकून हा माणूस कोल्हापूरला परतला आणि कोटितीर्थ तलावाच्या परिसरात राहून तेच पाणी, तीच झाडं पुन्हा पुन्हा रंगवत राहिला. तेव्हा मला वाटायचं, दुसरीकडे का गेले नसतील? आता मला तो प्रश्न पडत नाही.

वस्तू काढण्याबरोबर आठवड्यातून दोनदा खरं स्मरणचित्र करा. पाच मिनिटं एखादी जागा नुसती बघा. बँकेतली तुमची खिडकी, बाहेरचा चहावाला, काहीही. फोटो काढू नका. घरी येऊन आठवून काढा. जिथे आठवणार नाही तिथे पान कोरं सोडा, मनाने भरू नका. दुसऱ्या दिवशी जाऊन फक्त त्या कोऱ्या जागा बघून या. चहावाल्याची किटली कुठल्या हातात होती, त्याच्या गाड्याला चाकं किती होती, हे न आठवणं फार उपयोगी आहे, कारण पुढच्या वेळी नजर आपोआप तिथे जाते. तुमचा साठा असा भरत जाईल.

रंगाचं थोडक्यात सांगते. पहिले दोन महिने रंग नकोत. नंतर जलरंगाच्या चारच ट्यूब घ्या: एक पिवळा, एक लाल, अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना हा तपकिरी. ट्यूबमधला काळा वापरू नका. अल्ट्रामरीनमध्ये बर्न्ट सिएना मिसळला की निळा जास्त झाला तर थंड राखाडी आणि तपकिरी जास्त झाला तर उबदार राखाडी मिळतो, आणि दाट घेतला तर जवळजवळ काळा. त्या कावळ्याची मान मी आता अशीच रंगवते. पैसे वाचवायचे तर ब्रशवर वाचवा, कागदावर नको. पातळ कार्ट्रिज कागद पाण्याने फुगतो आणि माणूस समजतो आपलाच हात वाईट. ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड, एक मोठा कागद घेऊन त्याचे आठ तुकडे करा.

आता तुमची शेवटची ओळ. शिक्षकाचं शिकणं थांबतं का? थांबतं, हो. माझं थांबलं होतं. पंधरा-सोळा वर्षं झाल्यावर माझे हात सराईत झाले होते. खडूने फळ्यावर एका दमात मोर काढायचे, मुलं टाळ्या वाजवायची, आणि मला वाटायचं शिकवणं छान चाललंय. नवीन न येणं म्हणजे काय असतं, हेच मी विसरले होते. बाकावरचा मुलगा रडवेला का होतो, हे मला आतून कळत नव्हतं.

५१ व्या वर्षी मी मोडी लिपी शिकायला गेले. घरात आजोबांची काही कागदपत्रं होती, ती वाचायची होती, एवढाच हेतू. शिकवणारे गृहस्थ माझ्याहून वीस वर्षांनी मोठे. मोडीत आधी पानभर शिरोरेघा ओढून घेतात आणि मग हात शक्यतो न उचलता अक्षरं त्या रेघेला टांगत जातात. वळण मला झटकन जमलं, रेषेची सवय होती. पंधरा दिवसांनी मी पान दाखवलं तर ते म्हणाले, "बाई, देखणं आहे, पण वाचून दाखवा." मला माझंच पान वाचता येईना. मी अक्षरं काढत होते, लिहीत नव्हते. पुढचे सहा महिने मी रोज रात्री अक्षरं घोटली, चुकले, चिडले, दोनदा सोडून द्यायचं ठरवलं. ते न चिडता शेजारी दुसऱ्या चिठ्ठीवर अक्षर लिहून दाखवायचे. माझ्या पानावर त्यांनी एकदाही पेन टेकवलं नाही.

त्यानंतर मी शाळेत मुलांच्या कागदावर हात लावणं बंद केलं. काही दाखवायचं असेल तर वेगळ्या चिठ्ठीवर काढते आणि बाजूला ठेवते. ३२ वर्षांच्या नोकरीतला माझा सगळ्यात मोठा बदल हा, आणि तो कुठल्या चित्रकलेच्या प्रशिक्षणातून आला नाही. म्हणून मी स्वतःसाठी ठरवलंय की एका तरी विषयात आपण कायम पहिलीच्या वर्गात असायचं. सध्या मिरजेच्या सतारमेकर गल्लीतल्या एका वाद्यांच्या कारखान्यात आठवड्यातून एकदा बसते, तंबोऱ्याच्या वाळलेल्या भोपळ्यांची चित्रं काढते. सूर लावणं मला येत नाही, तेही तिथल्या मुलाकडून शिकते आहे. बोट कुठे किती दाबायचं हे अजून कळत नाही, आणि तो मुलगा माझ्यापेक्षा चाळीस वर्षांनी लहान आहे.

वयाची चिंता करता म्हणून आणखी एक आठवण देते. चित्रकार सावळाराम हळदणकर यांनी आपल्या मुलीला हातात दिवा घेऊन उभं केलं आणि ते प्रसिद्ध चित्र रंगवलं, ते १९४५-४६ च्या सुमारास. तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती आणि स्वतःची कलासंस्था चालवत कित्येक वर्षं शिकवलेलं होतं. मैसूरला जगनमोहन राजवाड्यात ते चित्र आहे, जमलं तर बघून या. पुष्कळांना ते तैलचित्र वाटतं, आहे जलरंगात. जलरंगात उजेड म्हणजे न रंगवता राखलेला कागद. एकदा गडद लागलं की मागे फिरता येत नाही. बोटांमधून झिरपणारा तो दिव्याचा उजेड कागदावर राखायचा म्हणजे काय जोखीम होती, हे ब्रश हातात धरलेल्या माणसालाच कळेल. तुम्ही ४६ च्या आहात.

तेव्हा सोमवारपासून सुरू करा. वस्तू तुम्ही निवडा, मला विचारू नका. पहिले ४० दिवस वही कुणाला दाखवू नका, कौतुक करणाऱ्यांना तर मुळीच नाही, कारण कौतुक मिळालं की हात पुन्हा तेच काढू लागतो. चाळीस पानं झाली की एका रविवारी जमिनीवर ओळीने मांडा आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत चालत बघा. कुठल्या पानाशी पाय थांबतो ते लिहून ठेवा, पुढचे ४० दिवस तिथून सुरू होतील. आणि प्रत्येक पानावर तारीख टाका. सही नको.